तीस दिवसांची नोटीस

(तृतीय वर्ष, कला)

आपल्या वार्षिकांकात दर वर्षी प्रेमावर किती मजकूर छापला जातो, याची कुणी मोजदाद केली आहे का? मी केली आहे. ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. अभ्यासाचा कंटाळा आला की मी ते चाळत बसते. कवितांच्या विभागात पाऊस आहे, डोळे आहेत, चाफा आहे, आणि एका अंकात तर एकाच पानावर तीन चंद्र उगवले आहेत. थट्टा करण्याचा हेतू नाही. विशीतल्या माणसांनी चंद्राकडे पाहायचे नाही तर कुणी पाहायचे? पण या कवितांतली सगळी माणसे जणू कालच जन्माला आलेली असतात. त्यांच्या पाठीमागे काही नसते. दुधाने तोंड पोळलेले आणि म्हणून ताकही फुंकून पिणारे असे त्यांत कुणीच भेटत नाही.

मी ज्या दोघांविषयी लिहिणार आहे, ती ताक फुंकून पिणारी माणसे आहेत. एक माझी मावशी. दुसरे आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. दोघांच्या परवानगीने हे लिहीत आहे. परवानगी देताना मावशी म्हणाली, “नाव घालू नकोस.” काका म्हणाले, “विशेषणं घालू नकोस.” पहिली अट मी पूर्णपणे पाळली आहे, दुसरी जमेल तितकी.

मावशी आईची धाकटी बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय एकेचाळीस. तिचे पहिले यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. ‘दारूने गेला’ असे गाव म्हणते. मावशी काहीच म्हणत नाही. सात वर्षांच्या त्या संसारातून तिने माहेरी एक शिवणयंत्र आणले आणि एक सवय आणली. फाटकाची कडी वाजली की ती दचकून थांबते. रात्री वाजली तर अंथरुणात उठून बसते. दिवसा पोस्टमन आला तरी तिच्या हातातले काम क्षणभर थबकते. म्हणून आमच्या घरात कडी न वाजवता, हाताने धरून अलगद उचलून आत येण्याची सर्वांना सवय आहे. मी नववीत जाईपर्यंत मला वाटे की सगळ्यांच्याच घरी असे करतात.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, हेरवाड गावाने विधवांच्या बाबतीतल्या जुन्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे, सारे बंद. त्याची बातमी सगळीकडे झाली आणि मावशीच्या शाळेतल्या शिक्षिकांनी पुढच्या संक्रांतीला तिला मुद्दाम हळदीकुंकवाला बोलावले. ती गेली, कुंकू लावून घेतले, वाण घेऊन आली. मी उत्साहाने काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाली, “कुंकू लावायला माझी कधीच हरकत नव्हती गं. आरशात बघायचा कंटाळा आला होता.”

काकांची गोष्ट गावाला अधिक ठाऊक आहे, म्हणजे गावाला तसे वाटते. त्यांची पत्नी लग्नानंतर दीड वर्षात माहेरी गेली ती परत आली नाही. पुढे पाच वर्षे दावा चालला. महिन्याआड तारखेला काका सकाळच्या एस.टी.ने रत्नागिरीला जात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत, तेव्हा गाडीतून उतरणाऱ्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला नाक्यावर माणसे उभी असत. निकाल लागला, घटस्फोट झाला. पण कारण काय ते काकांनी कुणाला सांगितले नाही. माणसाने कारण सांगितले नाही की गाव ते स्वतः तयार करते. आमच्या गावाने निदान पाच तयार केली, आणि त्यांतली तीन एकमेकांच्या अगदी विरुद्ध होती.

वाचनालय म्हणजे कौलारू माडी, खाली पतपेढी, वर सहा कपाटे. कोकणातल्या पावसात पुस्तके जगवणे हे सोपे काम नव्हे. बुरशी येते, वाळवी लागते, खळ सुटून पुठ्ठे हातात येतात. ऑक्टोबरचे ऊन पडले की काका सगळी पुस्तके माडीवर पसरून वाळवतात. खालून जाणाऱ्याला वाटावे, सोलेच घातली आहेत. मावशी दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पुस्तक बदलायला जाई. एकदा तिने नेलेल्या कादंबरीचा पुठ्ठा सुटला होता. तिने तो शिवणाच्या जाड दोऱ्याने शिवला, वर खाकी कागदाचे कव्हर घातले, शाळेच्या वळणदार अक्षरात नाव लिहिले आणि पुस्तक परत केले. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले. काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी तिने मागितलेले पुस्तक दिले आणि त्याच्याखाली आणखी दोन फाटकी पुस्तके ठेवली.

असे दोन वर्षे चालले. मला हे ठाऊक आहे, कारण मावशीला बरे नसले की पुस्तकांची पिशवी घेऊन मीच जात असे. नोंदवहीत काकांनी एक नवा रकाना आखला होता: ‘दुरुस्ती’. त्यात तारीख आणि मावशीचे आद्याक्षर. खाली खाली अक्षरांची रांगच लागली होती.

वाचनालयाच्या दाराला वाऱ्याने धाडकन आपटायची खोड होती. एके दिवशी मी गेले, तर चौकटीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. दार आता आपटत नव्हते, नुसते टेकत होते. मी विचारले, “काका, हे कधी केलंत?” ते म्हणाले, “मागल्या रविवारी. बाई दचकतात.” एवढेच. बाई का दचकतात, हे त्यांनी मला विचारले नाही, तिलाही कधी विचारले नव्हते. आणि ज्या माणसाला अख्ख्या गावाने पाच वर्षे ‘का’ विचारले, त्या माणसाला मावशीनेही कधी ‘का’ म्हटले नव्हते. आपल्याकडे चौकशी म्हणजे आपुलकी, अशी समजूत आहे. मला त्या दिवशी प्रथमच वाटले की न विचारणे हीसुद्धा एक फार मोठी आपुलकी असू शकते.

आता मी जरा दूर, शंभरसव्वाशे वर्षे मागे जाणार आहे. पण ते विषय सोडून नव्हे. पदवीच्या प्रकल्पासाठी मी ‘मराठी स्त्रियांची आत्मचरित्रे’ हा विषय घेतला आणि काकांकडे आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ मागितले. १९४४ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक. काकांनी त्याच्याबरोबर धोंडो केशव कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ही दिले, १९१५ चे. म्हणाले, “दोन्ही शेजारी ठेवून वाच. एकाच घराच्या दोन खिडक्या आहेत.”

महर्षी कर्वे आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतात. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली शंभराव्या वर्षी भारतरत्न. चित्रात पांढरी दाढी आणि काठी. पण १८९१ साली ते म्हातारे नव्हते. तेहेतीस वर्षांचे, मुंबईत शिकवण्या करून पोट भरणारे गणिताचे शिक्षक होते, आणि त्या वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारली. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा. त्याच वर्षाअखेरीस ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला गेले. हिशेबी, अबोल, मनातले चेहऱ्यावर येऊ न देणारे गृहस्थ. मिळकतीतला थोडा भाग सत्कार्यासाठी नेमाने बाजूला काढणारे.

आणि गोदूबाई? त्या आमच्या बाजूच्या. आमचे गाव देवरुखपासून एस.टी.ने तासाभरावर, आणि गोदूबाई देवरुखच्या जोशांची लेक. आठव्या वर्षी लग्न झाले आणि तीन महिन्यांत वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधीच तो गेला होता, आणि त्याच्या जाण्याची शिक्षा मात्र पुढे वर्षानुवर्षे भोगायची होती. त्यांचे बंधू नरहरपंत हे मुंबईत कर्व्यांचे स्नेही. भावाकडे मुंबईस आल्यावर गोदूबाईंना शिकायची वाट सापडली. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि गोदूबाई तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या. सदन पुढे पुण्यास हलले. त्याही पुण्यास आल्या.

कर्व्यांना दुसऱ्या लग्नासाठी स्थळे येत होती. बिजवराला कुमारिका मिळण्याची अडचण त्या काळी नव्हती. त्यांनी ठरवले होते की लग्न करायचे तर विधवेशीच. बोलणे झाले ते गोदूबाईंच्या वडिलांमार्फत. गोदूबाईंनी विचार करून होकार दिला. आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचे लग्न झाले. शारदा सदनाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सर्वांच्या ‘बाया’.

यात प्रणय कुठे आहे, असे तुम्ही विचाराल. मीही शोधत होते. एकाने पत्नी गमावलेली, दुसरीने गमावले ते आठवत नाही आणि भोगले ते विसरता येत नाही. अशा दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली नाहीत, नदीकाठी भेटली नाहीत. लग्न करून मुरुडला, म्हणजे दापोलीजवळच्या मुरुडला, कर्व्यांच्या गावी गेली, तर गावाने बहिष्काराचा ठराव केलेला. सख्ख्या माणसांवर संकट येऊ नये म्हणून आपल्याच गावात परक्यासारखे राहायचे. आज त्याच मुरुडात कर्व्यांचे स्मारक आहे. गावे ठराव करतात आणि गावे स्मारकेही बांधतात. मधला काळ मात्र माणसांना एकेकट्याने काढावा लागतो.

मी ही दोन्ही पुस्तके घरी आणली, ती मला आठवडाभर मिळालीच नाहीत. मावशीने नेली. रात्री बारापर्यंत तिच्या खोलीत दिवा असे. तिने ती परत दिली तेव्हा ‘माझे पुराण’मध्ये जागोजाग कागदाचे कपटे खोचलेले होते. मला वाटले होते, ती लग्नाच्या प्रकरणाविषयी काही बोलेल. ती भलत्याच ठिकाणी अडकली होती.

“बायांना आश्रमात राहायला जाता येईना, हे वाचलंस?” तिने विचारले.

वाचले होते. विधवांच्या शिक्षणाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीशी जोडले गेले तर लोक आपल्या लेकीसुना पाठवणार नाहीत, म्हणून कर्व्यांनी दोन्ही गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. १९०० साली आश्रम हिंगण्याला नेला. पुण्याहून ते चिखल तुडवत रोज चालत जात. पण पुनर्विवाहित म्हणून खुद्द बायांनाच आश्रमात राहायला जाणे बरीच वर्षे अडले. शिवाय हातात येईल तो पैसा आश्रमाला. घरासाठी मागे काही राहत नसे, आणि बायांनी याबद्दलचा राग आपल्या पुस्तकात झाकून ठेवलेला नाही. त्या नागपूरला जाऊन सुइणीचे काम शिकल्या, घरात दहाजणांचे रांधले, मुलगे वाढवले, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली.

“म्हणजे त्यांनी तिला दुःखातून वर काढलं,” मावशी म्हणाली, “आणि मग जगाच्या दुःखापुढं तिचं दुसऱ्या नंबरला ठेवलं. तो माणूस मोठाच. पण तिच्या जागी बसून बघ.”

“मग तिचं चुकलं म्हणायचं? लग्न करायला नको होतं?”

“तसं ती कुठं म्हणते? भांडलीये, पण उभी राहिलीये. उगाच नाही पुस्तक लिहिलं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तिची धाकटी बहीण बघ. पार्वतीबाई आठवले.”

हेही खरेच. बायांची बहीण पार्वतीबाई तीही विधवा. तिने पुनर्विवाह केला नाही. ती आश्रमात शिकली, तिथेच कार्यकर्ती झाली, वर्गणीसाठी पार अमेरिकेपर्यंत जाऊन आली आणि १९२८ साली ‘माझी कहाणी’ लिहिली. एकाच घरातल्या दोन मुली, दोन वाटा. आणि दोघींपैकी एकीलाही तिची वाट चुकली असे म्हणण्याची हिंमत होऊ नये. आमच्या सरांनी वर्गात ‘सुधारणेच्या दोन दिशा’ असा काहीसा मुद्दा सांगितला होता, तो मी प्रकल्पात लिहिलाही. पण मावशी ते मुद्दा म्हणून वाचत नव्हती. तिच्यापुढे प्रश्न होता.

कारण काकांनी विचारले होते. हे मला नंतर कळले. शनिवारी पुस्तकावर शिक्का मारता मारता, मान खाली घालूनच, ते म्हणाले होते, “बाई, यापुढे ही पुस्तकं एकाच घरी दुरुस्त झाली, तर चालेल का? घाई नाही.” आणि त्यांनी परतीची तारीख लिहिली. मावशीने पिशवी उचलली आणि ती घरी आली. त्यानंतर तीन आठवडे ती वाचनालयात गेली नाही, मला पाठवले. काकांनी एकदाही तिची चौकशी केली नाही. पुस्तके मात्र आता एका वेळी एकच देत. फाटकी देत नसत.

चौथ्या शनिवारी ती स्वतः गेली. काय बोलणे झाले, ते तिने मला मोजक्या शब्दांत सांगितले. तिने तीन गोष्टी मागितल्या. पगार तिच्याच खात्यात राहील. घरात एक खोली अशी असेल जिला आतून कडी आहे. आणि मागचे कुणी कुणाला विचारायचे नाही. सांगावेसे वाटले तर ज्याचे त्याने सांगावे. काकांनी तिन्हींना होकार दिला आणि म्हणाले, “माझं एक आहे. मी कुठं जातो आणि किती वाजता येतो, ते मी रोज सांगून जाईन. तुम्ही नाही विचारलं तरी.” मावशी हे सांगताना शिवणयंत्रावर बसली होती. सुई अडकली म्हणून ती बराच वेळ खाली वाकून पाहत होती. सुई अडकलेली नव्हती.

आजीला सांगायचे काम आईचे. आजी ऐकून उठली आणि देवघरात गेली. दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गरे काढत बसली असता मला म्हणाली, “ते काय वाचता गं तुम्ही दोघी रात्ररात्र? मला वाचून दाखव.” मी ‘माझे पुराण’ वाचायला घेतले. आजी तेल लावलेल्या हातांनी गरे सोडवत ऐकत होती. मुरुडच्या बहिष्कारापर्यंत आले, तशी तिने हात थांबवला.

“म्हणजे आपल्या गावी येऊन आईच्या हातचं जेवता आलं नाही त्याला?”

“नसेल आलं.”

आजी गप्प. मग आठळ्या बाजूला सारत म्हणाली, “त्यांना रविवारी जेवायला बोलाव. नारळाचं दूध घालून अळू करते. आवडतं का विचार.”

लग्न नोंदणी पद्धतीने करायचे ठरले. मंगलाष्टका आणि अक्षता दोघांनाही नको होत्या. पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात एक गंमत आहे. गंमत कसली, परीक्षाच. विवाह अधिकाऱ्यापुढे आधी नोटीस द्यावी लागते; ती नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावतात; आणि तीस दिवस थांबतात, कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्याने घ्यावी म्हणून. ज्या दोन माणसांनी आयुष्यभर दार लोटून घेतलेले, त्यांची नावे, वये, पत्ते, एक विधवा आणि एक घटस्फोटित, असे सारे भिंतीवर तीस दिवस. पाचव्या दिवशी गावातला कुणी आपल्या कामासाठी त्या कार्यालयात गेला. संध्याकाळी नोटिशीचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होते. खाली अभिनंदनाची फुले होती, हसरे चेहरे होते, आणि दुसऱ्या एका गटात, जिथे आम्ही नाही, तिथे काय होते ते मला एका मैत्रिणीने दाखवले. ते मी इथे लिहीत नाही.

दहाव्या दिवशी फाटकाची कडी वाजली. खडखडून.

मावशी ओटीवर कव्हरे घालत बसली होती. काका खाकी कागदाचे नवे भेंडोळे घेऊन नुकतेच आले होते. तिचा हात थांबला. आत आले ते तिचे दीर, पहिल्या यजमानांचे थोरले बंधू. अकरा वर्षांत ते आमच्या घराची पायरी चढले नव्हते. पाणी प्यायले, बरे आहे ना विचारले, आणि मग विषयावर आले. तिकडच्या बागेत यजमानांच्या वाट्याला हापूसची काही कलमे होती. त्यावर मावशीचे नाव लागलेले आहे. आता ती दुसऱ्या घरची होणार, तेव्हा तिने हक्कसोड लिहून द्यावी, हे रीतीला धरून होईल. कागद ते तयार करूनच घेऊन आले होते.

इथे जराशी माहिती देते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींना ती नसते. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली खरी; पण एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपे. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. नवऱ्याच्या पश्चात बायकोला वारसा म्हणून जो वाटा एकदा मिळाला, तो तिने पुढे लग्न केले म्हणून आज जात नाही. काकांना हे ठाऊक होते. वाचनालयात कायद्याची पुस्तके त्यांनी स्वतः लावलेली. मी त्यांच्याकडे पाहत होते. आता बोलतील, असे वाटत होते.

दीरांनाही तसेच वाटले असावे. ते काकांकडे वळले आणि पुरुषाने पुरुषाशी बोलावे तसे म्हणाले, “तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगा त्यांना.”

काका म्हणाले, “त्यांचं त्या सांगतील.”

आणि ते गप्प बसले. मला क्षणभर रागही आला. एवढा कायदा माहीत असून गप्प कसे? ओटीवर इतकी शांतता पसरली की आत आजीच्या विळीचा आवाज थांबल्याचे कळले. मावशीने हातातले पुस्तक मिटले. तिचा आवाज आधी कापरा होता, मग नव्हता.

“सहा कलमं आहेत भाऊजी. खड्डे मी खणलेत. पहिली दोन वर्षं पाणी मी घातलंय, तेव्हा घरात कोण कुठल्या अवस्थेत पडलेलं असायचं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हाही आला होतात. कडी वाजवून परत गेला होतात. हक्कसोड मी देणार नाही.”

तिच्या तोंडून त्या घराविषयी मी ऐकलेली ही पहिली वाक्ये. दीर कागद घडी करून उठले. जाताना त्यांनी कडी वाजवली नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भेंडोळ्याची दोरी सोडत म्हणाले, “यंदा कागद जरा पातळ आलाय.” मावशी म्हणाली, “दुहेरी घालू.”

उरलेल्या वीस दिवसांत कुणीही हरकत घेतली नाही. दीरांनीही नाही, कायद्यात ज्या कारणांसाठी हरकत घेता येते, त्यांत कलमे येत नाहीत. ठरल्या दिवशी आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो. तीन साक्षीदार लागतात. आई, काकांचे एक जुने मित्र, आणि तिसरी मी. हातखंबा मागे पडेपर्यंत कुणी काही बोलले नाही. ज्या रस्त्याने काका पाच वर्षे तारखेला जात होते, तोच हा रस्ता. ते खिडकीशी बसले होते. मावशीने पिशवीतून भडंगाची पुडी काढून त्यांच्या हातात दिली.

कार्यालयात सगळे दहा मिनिटांत झाले. पण त्या दहा मिनिटांत कायदा एक गोष्ट करायला लावतो. दोघांनी एकमेकांना उद्देशून, अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर, मोठ्याने म्हणायचे असते की मी तुमचा पती म्हणून, तुमची पत्नी म्हणून, कायदेशीर स्वीकार करीत आहे. दोन वर्षे ज्यांनी ‘दुरुस्ती’च्या रकान्यात सगळे भागवले, त्यांना हे मोठ्याने म्हणायचे होते. काकांनी म्हटले, बाईंनी सांगितले, “जरा मोठ्यानं, ऐकू नाही आलं.” काकांनी पुन्हा म्हटले. मावशी एकदाच म्हणाली, पण अख्ख्या वर्गाला ऐकू जावे अशा आवाजात.

याला आता वर्ष होत आले. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत दोघे राहतात. फाटकाला कडी आहे, तिच्याभोवती ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला आहे. एका खोलीला आतून कडी आहे. ती कधी लागते की नाही, मला माहीत नाही. कपाटे दोन आहेत. काका बाहेर पडताना दारात उभे राहून “वाचनालयात जातोय, सव्वासातला येईन” असे सांगतात आणि सव्वासातला येतात. दोघे एकमेकांना अजून ‘अहो’च म्हणतात, आणि काकांच्या तोंडून ‘बाई’ गेलेले नाही. भांडणेही होतात. दिवा कोण मालवत नाही यावरून होतात, रद्दीवरून होतात. गेल्या पावसाळ्यात एकदा दोन दिवस वीज नव्हती; तेव्हा अंधारात त्यांनी एकमेकांना बरेच काही सांगितले असावे, असे मावशीच्या बोलण्यावरून वाटले. काय ते तिने मला सांगितले नाही, मी विचारले नाही.

या मे महिन्यात मात्र मोठा तंटा झाला. सहा कलमांची पहिली पेटी मावशीने हौसेने घरी आणली, गवतात आढी घातली, पहिले पिकलेले फळ कापून काकांपुढे ठेवले. त्यांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशीही खाल्ले. चौथ्या दिवशी आमच्या आईने सहज विचारले आणि निघाले असे की काकांना हापूस आवडत नाही. लहानपणापासून आवडत नाही, पायरी आवडतो.

“अहो, मग सांगायचं नाही का?” मावशी कडाडली. “अकरा महिने झाले लग्नाला!”

“तुम्ही विचारलं नाहीत,” काका म्हणाले.

मावशीने पेटी उचलून आमच्याकडे पाठवून दिली. आम्ही तीन दिवसांत संपवली.